अण्णांचा रिलीव्हर

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आकुर्डीपासून चाकणपर्यंत कुठलं हॉटेल चांगलं ते विचारू नका. त्यांना हॉटेलं माहीत नाहीत, दुकानं माहीत नाहीत, नवीन झालेले मॉल तर नाहीतच. त्यांना मुताऱ्या माहीत आहेत. स्पष्टच लिहिते, कारण आमच्या घरात वर्षानुवर्षं हा शब्द कुणी तोंडातून काढला नाही आणि त्यापायी सगळ्यांनीच त्रास काढला. मोशीच्या अलीकडे कुठल्या पेट्रोल पंपावर आत जाऊ देतात, भोसरीतल्या कुठल्या मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराला कडी नाही, कुठल्या दवाखान्याच्या तळमजल्यावर वॉचमन हटकत नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यांचं गाव चाकणच्या पुढे, खेडच्या अंगाला. पण चाकणच्या चौकात गाडी अडकली की कधी सुटेल याचा भरवसा नसतो आणि त्या पट्ट्यात अण्णांच्या ओळखीचं एकही ठिकाण नाही. म्हणून त्यांनी गावाला जाणंच सोडलं. विचारलं की म्हणायचे, "काय ठिवलंय तिथं आता?"

अण्णासाहेब ओव्हाळ हे त्यांचं पूर्ण नाव. उंच, सडपातळ, सत्तरीतही ताठ. घरात सुद्धा शर्ट खोचलेला. पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीत ते लायनीवर होते. लायन म्हणजे पुढे पुढे सरकणारा पट्टा. गाडीचा सांगाडा समोर आला की आपल्या वाट्याचे नट आवळायचे, तोवर दुसरा येतोच. लायन थांबत नाही, त्यामुळे माणसाला जागा सोडता येत नाही. लघवीला जायचं असेल तर हात वर करायचा. मग सुपरवायझर रिलीव्हर पाठवणार. रिलीव्हर म्हणजे सुटा माणूस, कुणाच्याही जागेवर उभा राहू शकणारा. तो आल्याशिवाय पाऊल हलवायचं नाही.

ही गोष्ट अण्णा नातवंडांना फार रंगवून सांगायचे. उजवा हात वर करून उभे राहायचे, मग तो दुखायला लागला असं दाखवून डावा वर करायचे, मग डाव्याला उजव्यानं आधार द्यायचे. सुमेध, माझा चार वर्षांचा मुलगा, हसून हसून जमिनीवर लोळायचा. मैत्रेयी आठ वर्षांची, तिनं त्याचा खेळच केला होता. घरात कुणाच्या हातात काही अडकलं असेल, दूध उतू जायला आलं असेल, तर हात वर करून "रिलीव्हर!" ओरडायचं, आणि जो जवळ असेल त्यानं पळत यायचं. भांडी घासताना मीसुद्धा कितीदा साबणाचा हात वर केला आहे.

गोष्टीची दुसरी बाजू मला सासूबाईंनी सांगितली होती. सरूबाई. गॅसपाशी मेथी निवडत बसल्या होत्या. "रिलीव्हर कुठला येतोय," त्या म्हणाल्या. "एवढी मोठी लायन आन् रिलीव्हर दोन. ते बी कुनी गैरहजर असलं की त्याच्या जागी लावायचे. ह्यांनी हात वर करून उभं ऱ्हायाचं. साहेब बघायचा आन् मान फिरवायचा. एक दिवशी घरी आले ते भलत्याच कुनाची पँट घालून. म्हनले, पाइप फुटला. मी काय बोलले न्हाई. पिशवीतली काढली आन् धुऊन टाकली." त्यानंतर अण्णांनी लायनीवर पुन्हा हात वर केला नाही. शिफ्टला जाताना पाणी पिणंच बंद केलं. पुढे मुतखडा झाला, मग वयाबरोबर प्रोस्टेटची ग्रंथी वाढली, गोळ्या चालू झाल्या. डॉक्टर म्हणतात भरपूर पाणी प्या. अण्णा मान डोलावतात.

सासूबाई होत्या तोवर निभावलं. लग्नाला, बारशाला, जयंतीच्या मिरवणुकीला दोघं जोडीनं जायचे आणि गेल्या गेल्या सासूबाई सरळ आत स्वयंपाकघरात घुसून विचारायच्या, "ह्यास्नी जरा जायचंय, कुठं हाय?" त्यात लाज कसली? अण्णा मागे उभे राहून छताकडे बघायचे. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि अण्णांच्या वतीनं हे एक वाक्य बोलणारं माणूस गेलं. तेव्हापासून अण्णा घर सोडून कुठे जात नाहीत. विहारापर्यंत जातात, कारण तिथे मागे सोय आहे. मुलाला ते सांगू शकत नाहीत. आमच्या घरातले पुरुष एकमेकांशी गिअरबॉक्सबद्दल बोलतात, क्रिकेटबद्दल बोलतात, शरीराबद्दल नाही. आणि सुनेला सांगायचा तर प्रश्नच नाही.

मला मात्र न सांगता कळत होतं. बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. मी चाकणला एका कंपनीत डिस्पॅचला, म्हणजे माल रवाना करायच्या खात्यात आहे. सुरुवातीला आमच्याकडे बायकांसाठी वेगळं बाथरूम नव्हतं. आम्ही तिघी-चौघी जणी डबा खायचो पण पाणी घोटभरच प्यायचो. प्रवासाला निघायचं म्हणजे आदल्या रात्रीपासून पाणी पिताना हात आखडता घ्यायचा आणि बस थांबली की आधी आडोसा शोधायचा. माझ्याही डोक्यात असा एक नकाशा आहे. फक्त अण्णांचा आणि माझा नकाशा आम्ही कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिला नव्हता.

माझ्या नवऱ्याला, धम्मरत्नला, त्याच्या कंपनीनं सहा महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं. एक नवीन मशीन चाकणला यायचं होतं, त्याआधी तिथेच त्याच्या चाचण्या घ्यायच्या. न्यूरेंबर्ग नावाच्या जुन्या शहराबाहेर एका गावात त्याला दोन खोल्या मिळाल्या होत्या. तो फोनवर म्हणाला, "मेच्या सुट्टीत सगळे या. अण्णांना आणच. आईला काही दाखवता आलं नाही, अण्णांना तरी एकदा दाखवू दे." त्याचा आवाज असा झाला होता की मी लगेच हो म्हटलं.

अण्णांनी कारणांची रांग लावली. पाणी एक दिवसाआड येतं, टाकी कोण भरणार? विहाराच्या किल्ल्या कुणाकडे द्यायच्या? थंडी सोसत नाही. पासपोर्टवरचा फोटो चोरासारखा आलाय. शेवटी मैत्रेयी त्यांच्या खुर्चीच्या दांड्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, "तिथे खराखुरा किल्ला आहे आबा. तुम्ही नसाल तर मी तो कुणाबरोबर बघू? बाबा तर फोनवरच असतात." अण्णा तिला नाही म्हणू शकत नाहीत. विमानात त्यांनी मधल्या वाटेकडची सीट मागून घेतली.

तिथला आठवडा तसा बरा गेला, कारण अण्णा घरातच बसले. खिडकीतून झाडं बघायचे, सुमेधला गोष्टी सांगायचे. धम्मरत्न सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर लाल डोळे घेऊन परत यायचा. मशीन ऐकत नव्हतं आणि चाकणहून साहेबांचे फोन थांबत नव्हते. शनिवार हा एकच दिवस हातात होता. त्या एका दिवसात त्याला चर्च, चौक, कारंजं, किल्ला, नदीवरचे पूल, सगळं अण्णांना दाखवून टाकायचं होतं. आदल्या दिवशी जेवताना त्यानं सगळा बेत सांगितला. अण्णा "व्हय, व्हय" म्हणाले आणि ताटाशेजारचा पाण्याचा ग्लास हळूच बाजूला सरकवला.

सकाळी त्यांनी चहा नको म्हटलं. चहाशिवाय अण्णांचा दिवस सुरू होत नाही.

"का हो अण्णा?"

"पोट जड वाटतंय."

धम्मरत्न बुटाची नाडी बांधत म्हणाला, "बरंय, उशीर नको." तो स्वतःच इतका दमलेला होता की उभ्या उभ्या झोपला असता. मला त्याची दया येत होती आणि रागही येत होता, दोन्ही एकदम.

रेल्वेतून शहराच्या स्टेशनवर उतरलो. खाली जिन्यापाशी बाथरूमची पाटी होती. अण्णांची चाल तिथे मंदावली, मान वळली आणि परत सरळ झाली. धम्मरत्न पुढे निघाला होता. मी म्हटलं, "थांब रे, मला जायचंय. सगळेच जाऊन घेऊ." तो थांबला. अण्णाही गेले आणि त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, चला, युक्ती सापडली.

मग दिवसभर मी तेच केलं. चर्च बघून बाहेर पडलो, मला जायचं होतं. नदीवरच्या पुलाशी फोटो काढले, मला जायचं होतं. दगडी रस्ते, चढउतार, बोचरा वारा, सुमेधला कधी मी कधी धम्मरत्न उचलून घेतोय, आणि मी आपली नजर वर करून सुंदर मनोरे बघायच्या ऐवजी पाट्या शोधतेय. लोक त्या शहरात येऊन काय काय बघून जातात. मला आता डोळे मिटले तर त्या पाट्याच आधी आठवतात. बारा वाजता चौकातल्या चर्चच्या घड्याळात बाहुल्या फिरतात, राजाभोवती सरदार गोल गोल जातात. सगळे माना वर करून बघत होते. मी अण्णांकडे बघत होते. त्यांचे ओठ कोरडे पडले होते, पण चेहऱ्यावर हसू होतं. "झ्याक हाय," ते मैत्रेयीला म्हणाले. तेवढ्यानं मला त्या सगळ्या पाट्यांचं चीज झाल्यासारखं वाटलं.

घड्याळ संपलं, गर्दी हलली, आणि मी म्हटलं, "धम्मा, मला जरा..."

तो भडकलाच. "पुन्हा? रश्मी, तुला आज झालंय काय? दर अर्ध्या तासानं बाथरूम! आपण इथे गाव बघायला आलोय की बाथरूम? असंच चाललं तर किल्ला राहील आजचा."

आजूबाजूच्या कुणाला मराठी कळत नव्हतं, पण ज्याला कळू नये त्याला कळलं. अण्णांचा चेहरा पडला. ते धम्मरत्नकडे बघेनात, माझ्याकडेही बघेनात. मी तरीही निघाले आणि म्हटलं, "चला अण्णा, तुम्हीपण." ते म्हणाले, "मला न्हाई जायचं. जा तू." आवाज इतका कोरडा होता की मला आग्रह करता आला नाही. मी एकटीच गेले, जायची गरज नसताना, आणि आरशासमोर उभी राहून नवऱ्याला मनातल्या मनात चांगलं झाडलं. बाहेर आले तेव्हा एवढं मात्र नीट बघून ठेवलं की चौकाच्या कोपऱ्यातल्या कमानीतून डावीकडे वळलं की दुसरं दार.

जेवण म्हणजे पावात घातलेले भाजलेले सॉसेज, उभ्यानंच. अण्णांनी अर्धा पाव खाल्ला. मैत्रेयीनं सफरचंदाच्या रसाच्या दोन बाटल्या निवडून आणल्या होत्या, एक स्वतःला, एक आबांना. तिच्या मते आबांनी दिवसभर काहीच घेतलं नव्हतं, आणि तिचं मत बरोबर होतं. "आबा, संपवायची हं. मी चित्र बघून आणलीय." अण्णांनी बाटलीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि गटागटा पिऊन टाकली. उन्हात तापलेल्या गाडीच्या रेडिएटरमध्ये पाणी ओतावं तशी ती बाटली रिकामी झाली. किती तहानले होते ते! त्या बाटलीचा हिशेब आता तासाभरात द्यावा लागणार हे मला माहीत होतं, अण्णांना माहीत होतं, आणि बाकी त्या शहरात कुणालाच माहीत नव्हतं.

सुमेध खाता खाताच झोपी गेला. चौकाच्या एका कडेला बाक होता. अण्णा बसले आणि त्यांनी नातवाला मांडीवर घेतलं. धम्मरत्न म्हणाला, "मी वर जाऊन किल्ल्याची तिकिटं घेतो, शनिवारची गर्दी असेल. तुम्ही इथेच बसा अण्णा. इथून हलू नका. तुमचा फोन इथे लागत नाही, भाषा येत नाही, चुकामूक झाली तर मी कुठे शोधू?" पिशव्या त्यानं अण्णांच्या पायाशी ठेवल्या. अण्णा म्हणाले, "न्हाई हलत." ज्या माणसानं आयुष्यभर सांगितल्या जागेवरून पाऊल हलवलं नाही, त्याला तो हे सांगत होता.

मी तिथेच बसणार होते. पण चौकाच्या दुसऱ्या टोकाला ते उंच, सोनेरी, नक्षीदार कारंजं आहे, त्याच्या जाळीत एक कडी अडकवलेली आहे. ती फिरवली की मनातलं मिळतं म्हणतात. मैत्रेयीनं हे कुठूनतरी वाचून ठेवलं होतं आणि विमानात बसल्यापासून ती त्या कडीबद्दल बोलत होती. कडी उंचावर असते, मुलांना उचलून धरावं लागतं. तिचा बाप वर गेलेला, आबांच्या मांडीवर सुमेध. अण्णाच म्हणाले, "जा घिऊन तिला. मी हाय हितं."

"अण्णा, तुम्हाला काही..."

"काय न्हाई. जा."

एवढं साधं वाक्य मला का पुरं करता येऊ नये? सासूबाई भर मांडवात अनोळखी बायकांना विचारायच्या. मी शिकलेली, नोकरी करणारी, ट्रक ड्रायव्हरांशी हुज्जत घालणारी बाई, आणि सासऱ्यांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटली. तशीच मी मैत्रेयीचा हात धरून गेले.

कडीपाशी रांग नव्हती, घोळका होता. स्ट्रॉबेरीच्या गाड्यांच्या मधून लोक येत होते, आपापली मुलं उचलत होते, फोटो काढत होते, पुन्हा काढत होते. कुणालाही घाई नव्हती. मैत्रेयी टाचा उंचावून बघत होती आणि मी मागे वळून बघत होते. माणसांच्या फटीतून बाक दिसायचा, परत झाकला जायचा. अण्णा ताठ बसले होते. जरा वेळानं पाहिलं तर गुडघे एकमेकांना चिकटवून बसले होते. त्यानंतर पाहिलं तर पुढे वाकून, सुमेधच्या डोक्यावर हनुवटी टेकवून. मला सगळं कळत होतं. सुमेधला उठवून उभं केलं असतं तरी पिशव्या, आणि पिशव्या सोडल्या असत्या तरी "हलू नका". आणि हललं असतं तरी जायचं कुठे, विचारायचं कुणाला, कुठल्या भाषेत? मी मैत्रेयीला म्हणणार होते की बाळा, आपण नंतर येऊ. पण तिच्यापुढे आता फक्त एक कुटुंब उरलं होतं आणि तिनं डोळे मिटून मागायचं ते घोकायला सुरुवात केली होती.

पुढचं कुटुंब बाजूला झालं. मी तिला कमरेला धरून उचललं. तिचा हात कडीकडे गेला, आणि तिथेच थांबला. उचलल्यामुळे तिला सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसत होतं.

"आई, आबांचा हात."

"काय?"

"आबांनी हात वर केलाय."

मी तिला खाली ठेवलं आणि टाचा उंच केल्या. चौकाच्या पलीकडे, टोप्या, छत्र्या आणि कॅमेऱ्यांच्या वर एक सरळ हात होता. कोपरात न वाकवलेला, बोटं जुळवलेली, पांढऱ्या शर्टाची बाही मनगटापर्यंत बटण लावलेली. तिथे सहली नेणारे गाइडही असाच हात वर धरतात. एक म्हातारं जोडपं खरोखरच अण्णांच्या समोर येऊन थांबलं होतं, हा माणूस आपल्याला काय दाखवणार म्हणून त्यांच्याकडे बघत होतं. अण्णा त्यांच्याकडे बघत नव्हते. ते कुणाकडेच बघत नव्हते. नजर समोर जमिनीवर, आणि हात वर.

"बोलवतायत का गं?" मी म्हटलं. मला कळत असूनही म्हटलं.

"बोलवत नाहीयेत," मैत्रेयी म्हणाली. "रिलीव्हर मागतायत." आणि कडी तशीच टाकून ती पळत सुटली.

मीही पळाले. स्ट्रॉबेरीच्या गाडीला धक्का लागला, कुणीतरी जर्मनमध्ये काहीतरी म्हणालं, मी मराठीत माफी मागितली. पोहोचले तोवर मैत्रेयी पिशव्यांवर दोन्ही हात ठेवून पहारा द्यायला लागली होती. मी सुमेधला अण्णांच्या मांडीवरून उचललं. त्यांनी हात खाली घेतला आणि हळू, फार हळू उभे राहिले. कपाळावर घाम होता, त्या वाऱ्यात.

मी म्हटलं, "कमानीतून डावीकडे, दुसरं दार. मैत्रेयी, आबांबरोबर जा. दाराला नाणं टाकावं लागतं, हे घे. पिशव्या मी बघते." माझा आवाज चढला होता, डिस्पॅचमध्ये चढतो तसा. जीभ कुठे चिकटली होती कुणास ठाऊक, आता सुटली होती. अण्णा निघाले. ताठ, लहान लहान पावलं टाकत, नातीच्या खांद्यावर हात ठेवून. मैत्रेयी त्या गर्दीत त्यांच्यापुढे रस्ता करत होती. मी सुमेधला छातीशी धरून बघत राहिले आणि मला रडू आलं. दमल्यामुळे असेल. पण नुसतं दमल्यामुळे नव्हतं.

धम्मरत्न तिकिटं घेऊन आला तेव्हा मी बाकावर एकटीच होते. "अण्णा कुठेत? मी सांगितलं होतं ना हलू नका?"

"गेलेत," मी म्हटलं. "लघवीला. त्यांना धरवत नाही धम्मा. बरीच वर्षं. दिवसभर मला नव्हतं जायचं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग तिकिटांकडे. मग माझ्या शेजारी बसला, बसला कसला, कोसळलाच. एवढंच म्हणाला, "आई सांभाळायची का हे?"

"हो."

ते दोघं परत येताना दिसले. वेळेत पोहोचले होते, हे अण्णांच्या चालीवरूनच कळत होतं. हात धुतलेले, केसांवरून ओला हात फिरवलेला. मला वाटलं होतं, आता नजर चुकवतील आणि संध्याकाळपर्यंत गप्प बसतील. ते येऊन बाकावर मुलाशेजारी बसले आणि माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, "लगीच आलात गं तुमी."

मी सुमेधला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मला वाटलं, यायला टाइम लागंल," अण्णा म्हणाले. "म्हनून जरा आधीच वर केला. कंपनीत आधीच वर करायला लागायचा. हात वर केला आन् धा पर्यंत मोजून झालं न्हाई तर पोरगी हजर." ते मैत्रेयीकडे बघून हसले. "आन् त्या कडीचं काय झालं?"

"राहिली," मैत्रेयी म्हणाली. "नंतर फिरवीन. पळून जाते का ती?"

धम्मरत्न तिकिटं हातात घोळवत होता. किल्ल्याची वेळ झाली होती आणि चढ मोठा होता. पण उठायला कुणीच तयार नव्हतं. ऊन जरा बाहेर आलं होतं, सुमेध माझ्या खांद्यावर लाळ गाळत होता. समोरच्या टपरीवर लोक कागदी कपातून काहीतरी गरम पीत होते. अण्णा तिकडे बघत म्हणाले, "तिथं च्या मिळंल का रं?"

आठवडाभरात त्यांनी स्वतःहून काही मागितलं नव्हतं. धम्मरत्न ताडकन उठला, आणि मग थांबला. त्याच्या ओठांवर जे आलं ते बोलायची त्याला सवय नव्हती. इकडे तिकडे बघून, आवाज खाली घेऊन तो म्हणाला, "अण्णा, चहा घेतला तर... वर किल्ल्यात पुन्हा जावं लागेल तुम्हाला."

अण्णांनी आपला उजवा हात जरा उचलून बघितला.

"मंग हात हाय की," ते म्हणाले. "साखर जरा जास्त सांग."